पाण्याचा पापुद्रा किती जाड हवा? कार्बन डायऑक्साइड आणि खनिजांच्या अभिक्रियेबद्दल

प्रश्न भूशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा आहे. त्यांना बेसॉल्टवर प्रकल्प करायचा आहे. कार्बन डायऑक्साइड खोल खडकात सोडून साठवायचा आणि तिथं त्याचं कार्बोनेट, म्हणजे घन खनिज, होऊ द्यायचं, या कल्पनेशी तो जोडलेला आहे. प्रश्न थोडक्यात असा: "कोरडा कार्बन डायऑक्साइड दगडाला काही करत नाही, पाण्यात विरघळलेला करतो, असं वाचलं. पण जमिनीखाली खोलवर हा वायू सोडला की तो पाणी बाजूला सारतो आणि दगडाच्या पोकळ्यांत मुख्यतः तोच उरतो. मग तिथं कार्बोनेट बनणार कसं? दोन-चार रेणूंच्या पाण्याच्या थरानं खरंच काही फरक पडतो का?"

पडतो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा फरक तिथंच पडतो. "ओलं की कोरडं" असा प्रश्न विचारला तर उत्तर सापडत नाही. खनिजाच्या पृष्ठभागावर पाण्याचे किती थर बसले आहेत, हे विचारावं लागतं.

आधी परिस्थिती नीट समजून घेऊ. ३१ अंश सेल्सिअस आणि साधारण ७४ बार या पलीकडे कार्बन डायऑक्साइड वायूही राहत नाही आणि द्रवही. तो सुपरक्रिटिकल अवस्थेत जातो. जमिनीखाली सुमारे ८०० मीटरच्या खाली ही परिस्थिती आपोआप मिळते. या अवस्थेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये पाणी थोडंसं विरघळतं. ५० अंश आणि ९० बारला तो संपृक्त केला तरी हजार रेणूंमागे पाण्याचे मोजकेच रेणू असतात. पण सिलिकेट खनिजांच्या पृष्ठभागाला पाण्याची ओढ जबरदस्त असते. हे विरघळलेले रेणू खनिजावर येऊन चिकटतात आणि त्यांचा पापुद्रा तयार होतो. एका रेणूच्या थराची जाडी सुमारे ०.३ नॅनोमीटर. कार्बन डायऑक्साइडमधली आर्द्रता कमी असेल तर एखादाच थर बसतो, संपृक्ततेच्या जवळ गेलं की चार, पाच, कधी त्याहून जास्त. म्हणजे प्रश्नात ज्याला "पाणी नसलेली जागा" म्हटलंय तिथं पाणी असतंच. फक्त ते भांड्यात ओतता येईल असं नसतं.

यावर सगळ्यात पद्धतशीर काम झालं ते अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीत. तिथं प्रामुख्यानं फॉर्स्टेराइट, म्हणजे मॅग्नेशियमयुक्त ऑलिव्हिन, वापरलं गेलं. निवड योग्यच होती. हे खनिज लवकर विरघळतं, त्याची रचना सोपी आहे आणि हिशेब सरळ आहे: एका फॉर्स्टेराइटमागे दोन कार्बन डायऑक्साइड खर्च होतात, दोन मॅग्नेसाइट (म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट) आणि एक सिलिका मिळते. एक टन कार्बन डायऑक्साइड बांधायला साधारण १.६ टन फॉर्स्टेराइट लागतं.

पूर्ण कोरड्या सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये हे खनिज ठेवलं तर जवळजवळ काहीच घडत नाही. थोडी आर्द्रता दिली, एखादा थर बसला, की पृष्ठभागावर बायकार्बोनेट-कार्बोनेटसारखे गट दिसू लागतात, पण गाडी तिथंच अडते. दगड आत विरघळत नाही आणि नवं खनिज वाढत नाही. पाणी आणखी वाढवलं की एका ठरावीक टप्प्यानंतर अभिक्रिया चालू होते आणि चालूच राहते. हा उंबरठा वेगवेगळ्या प्रयोगांत दीड थरापासून तीन-चार थरांपर्यंत आला आहे. तापमान, खनिजाची पूड किती बारीक आहे आणि थर मोजायची पद्धत यांनुसार आकडा थोडा हलतो. पण उंबरठा आहे, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

उंबरठा का असावा, हे समजलं की बाकीचं बरंच उलगडतं. पाण्याचा पहिला थर पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरलेला असतो. त्या रेणूंना फारशी हालचाल नसते, त्यांची मांडणी द्रवापेक्षा बर्फाच्या जवळची असते. मॅग्नेशियमच्या आयनाला स्फटिकातून सुटायचं असेल तर त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू जमावे लागतात. पहिल्या थरातले रेणू पृष्ठभागाशीच गुंतलेले, ते आयनाभोवती जमणार कसे? दुसरा-तिसरा थर येतो तेव्हा कुठे द्रवासारखं वागणारं पाणी मिळतं. मग दोन गोष्टी शक्य होतात: आयन सुटतो, आणि सुटलेला आयन पृष्ठभागावरून सरकत दुसरीकडे जाऊन कार्बोनेटला भेटतो. नुसतं सुटून भागत नाही, सरकताही आलं पाहिजे. पापुद्र्यातलं आयनांचं सरकणं मोकळ्या पाण्यापेक्षा बरंच मंद असतं आणि थर कमी झाले की ते झपाट्यानं आणखी मंदावतं. बहुतेक लोक फक्त विरघळण्याचा विचार करतात. वाहतुकीची ही बाजू मला तितकीच महत्त्वाची वाटते.

आता यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट. भरपूर पाण्यात, ३५-५० अंशांना, मॅग्नेशियम कार्बोनेट बनवायला गेलात तर मॅग्नेसाइट मिळत नाही. नेस्केहोनाइट मिळतं, ज्यात प्रत्येक मॅग्नेशियममागे पाण्याचे तीन रेणू अडकलेले असतात, किंवा हायड्रोमॅग्नेसाइट मिळतं. कारण मॅग्नेशियम आपलं सहा रेणूंचं वेष्टन सहजासहजी सोडत नाही. म्हणूनच औद्योगिक पद्धतीनं पाण्यातल्या चिखलात ऑलिव्हिनचं कार्बोनेशन करायचं तर तापमान खूप चढवावं लागतं. ऑरेगॉन राज्यातल्या अल्बनीच्या संशोधन केंद्रात ऑलिव्हिनसाठी जी परिस्थिती सर्वोत्तम ठरली ती १८५ अंश आणि १५० वातावरण दाबाची होती. आणि इकडे पातळ पापुद्र्यात, ३५ ते ५० अंशांना, थेट निर्जल मॅग्नेसाइट बनल्याचं दिसलं आहे. पापुद्र्यात पाण्याची क्रियाशीलता, म्हणजे मोकळेपणानं भाग घेऊ शकणाऱ्या पाण्याचं प्रमाण, कमी असते. वेष्टनासाठी पुरेसे मोकळे रेणू नसल्यानं मॅग्नेशियमला ते टाकणं सोपं जातं. म्हणजे एका बाजूनं पाणी कमी पडलं तर आयन सुटत नाही, आणि दुसऱ्या बाजूनं पाणी जास्त झालं तर आयन वेष्टन सोडत नाही. मधल्या अरुंद पट्ट्यात दोन्ही साधतं. हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर निरीक्षण वाटतं, आणि साठवणुकीचा विचार करणाऱ्यांनी ते गांभीर्यानं घ्यायला हवं.

याचा पाण्याच्या हिशेबाशीही संबंध आहे. फॉर्स्टेराइट विरघळताना हायड्रोजन आयन खर्च होतात, ते कार्बोनिक आम्लातून येतात, म्हणजे पाण्यातूनच. पुढे मॅग्नेसाइटचा अवक्षेप पडताना आणि सिलिका जमताना ते पाणी परत मिळतं. शेवटचं उत्पादन निर्जल असेल तर पाणी खर्चच होत नाही, दुकानदाराच्या फिरत्या भांडवलासारखं तेच तेच कामाला येतं. पण नेस्केहोनाइट बनलं तर प्रत्येक कार्बोनेटमागे तीन रेणू त्यात अडकले. पाण्याचा पुरवठा मर्यादित असेल, तर पापुद्रा उंबरठ्याखाली जातो आणि सगळं थांबतं. म्हणून बंद भांड्यात प्रयोग करताना अभिक्रिया मध्येच थांबली तर पहिला संशय पाण्यावर घ्या. दुसरा संशय सिलिकावर: विरघळून गेलेल्या मॅग्नेशियमच्या मागे अस्फटिकी सिलिकाचं कवच उरतं आणि तेही वाट अडवतं.

पाणी जास्त झाल्यानं वेग मंदावतो याचं उदाहरण आपल्या घराच्या भिंतीत आहे. काँक्रीटमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया करून कॅल्साइट बनतं. याचा वेग साधारण ५० ते ७० टक्के आर्द्रतेला सर्वाधिक असतो. अगदी कोरड्या काँक्रीटमध्ये छिद्रांच्या भिंतींवर पुरेसा पापुद्राच नसतो. पूर्ण भिजलेल्या काँक्रीटमध्ये छिद्रं पाण्यानं भरलेली असतात, आणि पाण्यातून कार्बन डायऑक्साइडचं पसरणं हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पटींनी मंद असतं. मधल्या स्थितीत छिद्राच्या भिंतीवर पापुद्रा आणि मध्ये मोकळी हवा, अशी दोन्ही सोय होते. कोकणातल्या इमारतींत पावसाचा मारा न बसणारे, पण दमट हवेत राहणारे भाग लवकर कार्बोनेट होतात ते याचमुळे. तिथल्या काँक्रीटचा सामू १२-१३ वरून ९ च्या खाली आला की आतली सळई गंजायला मोकळी. जुन्या किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या दुरुस्तीत चुन्याचा गिलावा करणारे गवंडी अनेक दिवस हलकं पाणी मारत राहतात, त्यामागचं रसायनशास्त्रही हेच आहे. चुना कोरडा पडला तर तो कार्बोनेट न होताच भुसभुशीत राहतो, आणि चिंब ठेवला तर हवा आत जात नाही.

आता मोजमापाबद्दल, कारण तुमच्या प्रकल्पाचं भवितव्य त्यावर आहे.

समजा, दहा मिलिलिटरचं छोटं उच्चदाबाचं भांडं आहे, ५० अंश, ९० बार. त्यातला कार्बन डायऑक्साइड संपृक्त करायला किती पाणी लागेल? जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम. ड्रॉपरच्या एका थेंबाचा हा सुमारे दहावा भाग. आता त्यात १०० मिलिग्रॅम खनिजाची बारीक पूड टाका, जिचं पृष्ठफळ ग्रॅममागे १० चौरस मीटर आहे. म्हणजे एकूण एक चौरस मीटर पृष्ठभाग झाला. पाण्याच्या प्रत्येक थराला त्यावर सुमारे ०.३ मिलिग्रॅम पाणी लागतं, तीन थरांना जवळपास एक मिलिग्रॅम. म्हणजे नुसती पूड भांड्यात ठेवल्यानंच कार्बन डायऑक्साइडमधलं एक पंचमांश पाणी पृष्ठभागावर जातं. हा हिशेब न करता "आम्ही ८० टक्के आर्द्रता दिली" असं लिहिलं तर त्या ८० टक्क्यांना काही अर्थ राहत नाही, कारण खरी आर्द्रता त्याहून बरीच खाली गेलेली असते.

याहून वाईट म्हणजे थंड कोपरा. भांडं ५० अंशांना आहे, पण त्याला जोडलेली नळी, दाबमापकाची फिटिंग किंवा झडप खोलीच्या तापमानाला आहे. पाणी गपचूप तिथं जाऊन साचतं. इतक्या कमी पाण्यात तेवढं पुरेसं होतं: नमुन्यावरचा पापुद्रा बारीक होतो, अभिक्रिया थांबते, आणि आपण निष्कर्ष काढतो की खनिज निष्क्रिय आहे. म्हणून भांडं, नळ्या, झडपा सगळं एकाच तापमानाला ठेवा, आणि भांड्याच्या बाहेरचा मोकळा आकार शक्य तितका कमी करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण या क्षेत्रातल्या परस्परविरोधी निकालांमागे असंच काहीतरी असावं, असं मला वाटतं.

थर प्रत्यक्ष मोजण्यासाठी अवरक्त वर्णपटाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. पाण्याच्या रेणूच्या वाकण्याचा पट्टा १६४० प्रति सेंटिमीटरच्या आसपास येतो, त्याच्या क्षेत्रफळावरून पापुद्र्यातलं पाणी कळतं. त्याच वर्णपटात १४०० ते १५०० च्या भागात कार्बोनेटचे पट्टे वर येताना दिसतात. प्रयोग चालू असतानाच, दाब न सोडता, पाणी आणि कार्बोनेट दोन्ही एकत्र पाहता येतात. ही सोय मोठी आहे. कारण दाब सोडून नमुना बाहेर काढला की हवेतली आर्द्रता लगेच बसते आणि जे भांड्यात नव्हतं ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला लागतं.

आणखी एक सावधगिरी. "तीन थर" म्हणताना आपण सरासरी सांगतो. प्रत्यक्षात दोन कण जिथं टेकतात तिथं, खाचांत आणि पृष्ठभागाच्या ओबडधोबड भागांत, पाणी केशाकर्षणानं आधीच साचतं. सरासरी दीड थर असला तरी तिथं दहा थर असू शकतात, आणि कार्बोनेट पहिल्यांदा तिथंच उगवतं. क्षार असतील तर चित्र आणखी बदलतं. मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःहून विरघळायला लागतं, मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. म्हणजे क्षारांचे कण पृष्ठभागावर असतील तर कमी आर्द्रतेतही द्रव पाणी हजर होतं. खाऱ्या भूजलाच्या खडकात हे लक्षात ठेवलंच पाहिजे.

जमिनीखाली हे सगळं कसं मांडलं जातं? वरून येणारा कार्बन डायऑक्साइड कोरडा करूनच पाठवतात, नाहीतर पोलादी नळ्या गंजतात. म्हणून विहिरीच्या अगदी जवळ खडक वाळतो, पाणी उडून जातं, क्षार मागे राहून छिद्रं बुजवू लागतात. तिथं खनिजीकरण जवळपास शून्य. जसजसा वायू पुढे सरकतो तसा तो खडकातलं पाणी उचलत संपृक्ततेकडे जातो, आणि दगडाच्या पृष्ठभागावर पापुद्रा टिकून राहतो. कार्बन डायऑक्साइडला पापुद्र्यातून खनिजापर्यंत पोहोचायला नॅनोमीटरभरच अंतर असतं, त्यामुळे पुरवठ्याचा प्रश्न तिथं उरत नाही. त्याहून पुढे वायू आणि भूजलाची सीमा, आणि मग नुसतं कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी. एकाच विहिरीभोवती चार वेगळी रसायनशास्त्रं असतात. साठवणुकीच्या आराखड्यांत बहुतेक वेळा शेवटचाच भाग तपशिलानं मांडलेला असतो.

वायूला वर निसटू न देणाऱ्या आच्छादक खडकातल्या चिकणमातीचंही थोडक्यात सांगतो. मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या पदरांमध्ये पाणी असतं. कोरडा कार्बन डायऑक्साइड ते ओढून घेतो तेव्हा माती आकसते आणि भेगा रुंदावू शकतात. मध्यम आर्द्रतेला उलट होतं: थोडंसं पाणी हे पदर किंचित उघडतं आणि कार्बन डायऑक्साइड स्वतः आत शिरतो. पूर्ण कोरड्या सोडियम मॉन्टमोरिलोनाइटमध्ये तो शिरत नाही. इथंही निर्णय पाण्याच्या थरांवरच होतो.

प्रत्यक्ष मैदानातले दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. आइसलंडमध्ये हेल्लिशेइदी इथं कार्बफिक्स प्रकल्पानं २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवूनच बेसॉल्टमध्ये सोडला, आणि त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत खनिज झाल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण टनामागे सुमारे २५ टन पाणी लागतं. वॉशिंग्टन राज्यात वालुला इथं २०१३ मध्ये जवळपास हजार टन कार्बन डायऑक्साइड, पाण्यात न विरघळवता, सुपरक्रिटिकल रूपात ८२८ ते ८८७ मीटर खोलीवरच्या बेसॉल्टमध्ये सोडला गेला. दोन वर्षांनी काढलेल्या गाभ्याच्या नमुन्यांत, खडकाच्या पोकळ्यांमध्ये, अँकेराइट हे कार्बोनेट सापडलं. पुढच्या हिशेबानुसार सुमारे ६० टक्के वायू त्या काळात खनिज झाला होता. तिथं भूजलही होतं आणि ओलावा उचललेला सुपरक्रिटिकल वायूही, त्यामुळे दोन्ही वाटांनी काम झालं असणार. पण पाणी न पुरवताही बेसॉल्टमध्ये हे घडतं, हे वालुलानं दाखवलं. पाण्याची टंचाई असलेल्या प्रदेशासाठी मला तोच जास्त मोलाचा धडा वाटतो.

आणि म्हणून आपल्या दख्खनच्या बेसॉल्टकडे येतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आज साधारण पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला खडक. कागदावर हा आकडा बघून अनेकांचे डोळे दिपतात. पण ८०० मीटर खोलीची अट लावली की क्षेत्र झपाट्यानं घटतं, कारण पूर्वेकडे, नागपूरच्या बाजूला, जाडी फारच कमी होते. पश्चिमेला जाडी आहे: कोयनेजवळ गोठणे इथल्या वैज्ञानिक विंधन विवरात १,२४७ मीटरवर बेसॉल्ट संपून खालचा ग्रॅनाइटी खडक लागला. मात्र १९६७ चा भूकंप जिथं झाला त्या भागात दाबाखाली काही सोडण्याचा विचार मी तरी करणार नाही.

दुसरी अडचण खनिजांची. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ऑलिव्हिन कमीच. मुख्य भाग प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिनचा, जे फॉर्स्टेराइटपेक्षा सावकाश विरघळतात. म्हणून फॉर्स्टेराइटवरचे आकडे आपल्या खडकाला जसेच्या तसे लावू नका. उंबरठ्याची कल्पना घ्या, वेग घेऊ नका. तिसरं म्हणजे पोकळ्या. आपल्या बेसॉल्टमधल्या वायूच्या पोकळ्या बऱ्याच ठिकाणी आधीच स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, अपोफिलाइट आणि कॅल्साइटनं भरलेल्या आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले आणि जळगाव-नाशिककडचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत, ते याच पोकळ्यांतले. साठवणुकीच्या दृष्टीनं ही मोकळी जागा गेली. पण यांतली स्टिल्बाइट आणि ह्युलँडाइट ही झिओलाइट, म्हणजे जाळीदार रचनेची खनिजं आहेत; त्यांच्या जाळीत पाणी असतं, आणि सभोवतालची पाण्याची क्रियाशीलता घसरली की ते सोडलं जातं, वाढली की परत घेतलं जातं. कोरडा कार्बन डायऑक्साइड अशा खडकातून गेला तर झिओलाइट पापुद्र्याला पाणी पुरवेल की पापुद्र्याचं पाणी ओढून घेईल, हा प्रश्न थेट आपल्या खडकाचा आहे. तुमच्या प्रकल्पासाठी मी हाच सुचवीन.

सुरुवात अशी करा. एकाच प्रवाहातले दोन नमुने घ्या, एक झिओलाइटनं भरलेल्या पोकळ्यांचा, एक घट्ट आणि पोकळ्या नसलेला. दोन्हींचं पृष्ठफळ वायूशोषणानं मोजा, पण झिओलाइटच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांमुळे तो आकडा फसवा येऊ शकतो, हे धरून चाला. पहिला प्रयोग कार्बन डायऑक्साइडशिवाय, नुसत्या आर्द्रतेत करा: २०, ४०, ६०, ८० आणि ९० टक्क्यांना नमुना किती पाणी घेतो ते तराजूवर बघा, वाढत्या क्रमानं आणि मग उतरत्या क्रमानं. दोन्ही वक्र जुळणार नाहीत, आणि तो फरकच तुम्हाला सांगेल की किती पाणी पृष्ठभागावर आहे आणि किती जाळीत. त्यानंतरच उच्चदाबाच्या भांड्याला हात घाला. निकाल लिहिताना आर्द्रतेच्या टक्क्यांसोबत दर चौरस मीटरमागे किती मिलिग्रॅम पाणी बसलं ते नक्की द्या. दुसऱ्या प्रयोगशाळेला तुमचा आकडा वापरता येईल तो त्याच एककात.